मेझोन इक्कोकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरं

मेझोन इक्कोकू म्हणजे नक्की काय आहे?

रुमिको ताकाहाशी यांची रोमँटिक कॉमेडी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक. १९८० साली शोगाकुकानचं 'बिग कॉमिक स्पिरिट्स' हे मोठ्यांसाठीचं मांगा मासिक सुरू झालं, त्याच्या पहिल्याच अंकापासून ही गोष्ट सुरू झाली आणि १९८७ च्या एप्रिलपर्यंत चालली. पुस्तकरूपात १५ खंड. कमाल म्हणजे त्याच काळात या बाई दुसऱ्या एका साप्ताहिकात 'उरुसेई यात्सुरा' पण काढत होत्या, म्हणजे एका हाताने परग्रहावरच्या मुलीचा धुमाकूळ आणि दुसऱ्या हाताने एका विधवा बाईची आणि एका नापास पोराची इतकी हळुवार गोष्ट, आणि दोन्ही १९८७ मध्ये संपवल्या. पुढे त्यांनी 'रानमा' आणि 'इनुयाशा' केलं, २०१९ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पण मला कोणी त्यांचं एकच काही सुचव म्हटलं तर मी डोळे झाकून हेच सुचवते.

गोष्ट काय आहे? स्पॉयलर नको.

टोकियोच्या बाजूला तोकेइझाका नावाच्या वस्तीत एक जुनं, मोडकळीला आलेलं लाकडी दुमजली घर आहे, इक्कोकू-कान. खोल्या भाड्याने दिलेल्या. वर एक घड्याळाचा मनोरा आहे आणि त्यातलं घड्याळ बंद पडलेलं. पाच नंबरच्या खोलीत युसाकू गोदाई राहतो, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला, कारण अभ्यासाला बसला की शेजारचे त्याच्याच खोलीत येऊन दारू पिऊन नाचतात. शेवटी तो वैतागून सामान बांधतो, खोली सोडायला निघतो, आणि नेमकी त्याच क्षणी दारात नवीन केअरटेकर येते, क्योको ओतोनाशी, सोबत एक मोठं पांढरं कुत्रं. झालं, गोदाई सामान परत खोलीत नेतो. ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि, हे त्याला नंतर कळतं, विधवा आहे. पुढची सहा-साडेसहा वर्षं म्हणजे ही गोष्ट.

'रोनिन' हा शब्द सारखा येतो, म्हणजे काय?

मूळ अर्थ धनी नसलेला सामुराई. पण आजच्या बोलीत, बारावीनंतर हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही म्हणून वर्षभर घरी बसून परत परीक्षेची तयारी करणारा पोरगा. आपल्याकडे 'ड्रॉप घेतलाय' म्हणतात ना, अगदी तेच, आणि लोकांचा बघायचा चेहरा पण तोच. गोदाईचा अर्धा न्यूनगंड इथूनच येतो. हे लक्षात घेतलं नाही तर तो उगाच रडका वाटतो.

नावाचा अर्थ काय?

'मेझोन' हा घर या अर्थाचा फ्रेंच शब्द, जपानमध्ये बिल्डिंगांना रुबाबदार नाव म्हणून लावतात, आणि इथे तो पडक्या घराला लावलाय. 'इक्कोकू' म्हणजे एक क्षण, थोडासा वेळ. तोकेइझाका म्हणजे घड्याळाची चढण. पूर्ण मालिका वेळेबद्दल आहे आणि घरावरचं घड्याळ मात्र चालत नाही.

सगळ्यांच्या आडनावांत आकडे आहेत हे खरं का?

हो. इचिनोसे मध्ये एक (खोली नंबर १), निकाइदो मध्ये दोन, मिताका मध्ये तीन, योत्सुया मध्ये चार, गोदाई मध्ये पाच, रोप्पोंगी मध्ये सहा. कोझुए नानाओ सात, शाळकरी यागामी आठ, आसुना कुजो नऊ. आणि क्योकोचं सासरचं आडनाव ओतोनाशी, त्यातलं 'नाशी' म्हणजे 'नाही', म्हणजे शून्य. तिचं माहेरचं आडनाव चिगुसा, त्यात 'हजार' आहे. ती शून्य का धरून बसली आहे असं एकदा मनात आलं की ते आडनाव परत वाचताना वेगळंच लागतं.

कुत्र्याचं नाव 'सोइचिरो-सान' का? कुत्र्याला 'सान' कोण लावतं?

'सान' म्हणजे आपल्या 'जी' किंवा 'राव'सारखं, माणसाच्या नावापुढे आदराने लावायचं. हा प्रश्न बहुतेक सगळे हसत हसत विचारतात, आणि उत्तर ऐकल्यावर जरा गप्प होतात. सोइचिरो हे क्योकोच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव. हे कुत्रं एकदा त्याच्या मागे मागे घरी आलं, त्याने नाव ठेवलं शिरो, म्हणजे पांढऱ्या, पण कुत्रं त्या नावाला दाद देईना. क्योको नवऱ्याला "सोइचिरो-सान" अशी हाक मारायची तेव्हा मात्र कुत्रं भुंकून उत्तर द्यायचं. म्हणून तेच नाव पडलं. नवरा गेला, हाक राहिली. रोज सकाळी दारात झाडू मारताना ती तीच हाक मारते, फक्त आता येतं ते कुत्रं. असलं काही सुचायला लेखिका वेगळीच लागते हो. आणि पहिल्या खंडात हे विनोद म्हणून येतं, गोदाईला वाटतं हा सोइचिरो कोण माझा प्रतिस्पर्धी, आणि खरंच तो प्रतिस्पर्धी असतो.

मग नवरा दिसतो का कुठे?

दिसतो, पण चेहरा कधीच नाही. आठवणींमध्ये चेहऱ्यावर सावली असते. वाचणाऱ्याची अवस्था गोदाईसारखीच होते, ज्याच्याशी स्पर्धा आहे तो कसा दिसायचा हेच माहीत नाही, मग त्याला हरवणार कसं.

आधी मांगा वाचू की अ‍ॅनिमे बघू?

वेळ असेल तर मांगा, आणि तीही सावकाश. (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन.) मासिकात ही गोष्ट चालू होती तेव्हा गोष्टीतला काळ बाहेरच्या काळाबरोबर पुढे सरकत होता, बाहेर डिसेंबर तर आत ख्रिसमस, बाहेर एप्रिल तर आत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि कॉलेजचं नवं वर्ष. त्यामुळे ज्यांनी १९८० मध्ये वीस वर्षांचे असताना वाचायला घेतली ते संपेपर्यंत सत्तावीस वर्षांचे झाले, गोदाईबरोबरच. आपल्याला ते मिळणार नाही, पण निदान एका रात्रीत पंधरा खंड संपवू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि मला वाटलं होतं की काय हे, तेच तेच गैरसमज परत परत. दुसऱ्यांदा रोज थोडं थोडं करत पावसाळाभर वाचली तेव्हा ती वेगळीच गोष्ट निघाली. इंग्रजीत विझ कंपनीची दहा खंडांची नवी आवृत्ती २०२० पासून यायला लागली, ती चांगली आहे.

वाचायचा कंटाळा असेल तर अ‍ॅनिमे, त्यातही काही कमी नाही.

अ‍ॅनिमेबद्दल सांगा ना. किती भाग?

९६ भाग. मार्च १९८६ ते मार्च १९८८, फुजी टीव्हीवर, बुधवारी संध्याकाळी साडेसातला, आधी जिथे 'उरुसेई यात्सुरा' लागायचं त्याच वेळेत. स्टुडिओ दीनने केलं. दिग्दर्शक तीन झाले, सुरुवातीला काझुओ यामाझाकी, मग ताकाशी आन्नो, आणि ५३व्या भागापासून शेवटपर्यंत नाओयुकी योशिनागा. नीट बघितलं तर फरक जाणवतो, पहिल्या भागांत आरडाओरडा आणि दंगा जास्त, नंतर नंतर शांत जागा वाढत जातात, कोणी काही बोलत नाही, नुसता पाऊस पडतोय, आणि तेवढ्यावर दहा-बारा सेकंद जातात.

क्योकोचा आवाज सुमी शिमामोतो यांचा, मियाझाकींच्या 'नाउसिका' या अ‍ॅनिमे सिनेमात नायिकेचा आवाज ज्यांचा होता त्याच. चिडलेली असताना पण आवाज चढत नाही, उलट अजून नम्र होतो, आणि गोदाईला तेवढ्यावरून कळतं की आज आपलं काही खरं नाही. हे सबटायटलमध्ये येत नाही, ऐकावंच लागतं, म्हणून डब नको, जपानी आवाजातच बघा.

मांगातलं काही गाळलंय का?

दोन नंबरच्या खोलीतला निकाइदो टीव्ही मालिकेत पूर्णच गाळलाय. श्रीमंत घरचा, जरा मठ्ठ पोरगा, चुकीच्या वेळी चुकीचं बोलणारा. मला तो फारसा आठवतही नाही त्यामुळे मी रडत बसले नाही, पण आकड्यांच्या खेळात दोन नंबरची जागा रिकामी राहते. बाकी मुख्य गोष्ट शेवटपर्यंत प्रामाणिकपणे घेतलीय. शिवाय १९८८ च्या फेब्रुवारीत एक छोटा अ‍ॅनिमे सिनेमा आला, 'कान्केत्सु-हेन', ज्याचं कथानक सगळं जुळून आल्यानंतरचं आहे. तो आधी बघू नका प्लीज.

गाणी कोणाची आहेत?

पहिलं शीर्षकगीत 'कानाशिमी यो कोन्निचिवा', युकी साइतोने गायलेलं, १९८६ च्या शेवटी एनएचके वाहिनीच्या 'कोहाकू' या मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमात पण तिने हेच गायलं. शब्दशः 'नमस्कार, दुःखा'. चाल कोजी तामाकीची, आणि गंमत बघा, त्याच्याच आन्झेन चिताई बँडचं गाणं पुढे याच मालिकेचं शीर्षकगीत झालं. दुसरी एक गोष्ट म्हणजे २४ वा भाग. फक्त त्या एका भागाला सुरुवातीला गिल्बर्ट ओसलिव्हनचं 'अलोन अगेन' आणि शेवटी त्याचंच 'गेट डाउन' वापरलंय. एकच भाग, परत कधीच नाही. बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला चुकीची फाइल मिळाली, तसं नाहीये.

लाइव्ह अ‍ॅक्शन किती आहेत आणि बघण्यासारखं कोणतं?

मुख्य दोन प्रकार. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये शिनिचिरो सावाई यांचा सिनेमा आला, क्योको म्हणजे मारिको इशिहारा, संगीत जो हिसाइशी यांचं, आणि चार नंबरच्या खोलीतल्या योत्सुयाच्या भूमिकेत चक्क जुझो इतामी, स्वतः मोठे दिग्दर्शक. तेव्हा मांगा संपलेली नव्हती त्यामुळे शेवटाची अपेक्षा ठेवू नका. सिनेमाचा सूर बराच उदास आहे, हसायला येईल म्हणून बसलात तर अडकल्यासारखं होईल. मला आवडतो, पण तो मांगाच्या सावलीसारखा आहे, मांगा नाही.

दुसरं म्हणजे टीव्ही आसाहीचे दोन लांब स्पेशल भाग, २००७ आणि २००८, क्योको म्हणून मिसाकी इतो आणि गोदाई म्हणून ताइकी नाकाबायाशी. पहिल्यात गोदाईचं रोनिनपण, दुसऱ्यात शेवट. चांगली गोष्ट म्हणजे त्यांनी काळ बदलला नाही, गोष्ट जुन्याच काळात ठेवली. योत्सुया झालेत इत्तोकू किशिबे, त्यांच्यासाठी तरी एकदा बघाच, तो थंड चेहरा आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाणं, अगदी पुस्तकातून उठून आलेत. पण साडेसहा वर्षं दोन संध्याकाळीत बसत नाहीत. वाट बघणं कापलं की फक्त घटना उरतात, आणि या गोष्टीत घटना तशा साध्याच आहेत. म्हणून माझा क्रम: मांगा, अ‍ॅनिमे, मग ही स्पेशल, आणि आवड वाढली तर १९८६ चा सिनेमा.

फारच हळू आहे. क्योको सरळ हो किंवा नाही का सांगत नाही? ती गोदाई आणि तिच्या मागे असलेला मिताका, दोघांना खेळवतेय असं नाही का वाटत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त लागणारा. नाही, ती खेळवत नाहीये.

जरा तिच्या बाजूने बघा. शाळेत असताना ती तिथे शिकवायला आलेल्या सोइचिरोच्या प्रेमात पडली, शाळा संपल्या संपल्या लग्न केलं, घरच्यांचा विरोध असताना, आणि जेमतेम सहा महिन्यांत तो गेला. तेव्हा ती कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या वयाची होती. आता आईबाप म्हणतात परत ये, चिगुसा आडनाव लाव, दुसरं लग्न कर. आणि सासरा, जो इक्कोकू-कानचा मालक आहे आणि अतिशय भला माणूस आहे, तोही म्हणतो पोरी किती दिवस अशी राहणार. म्हणजे तिला कोणी अडवलेलंच नाही. उलट सगळे म्हणतायत विसर. आणि तिला भीती नेमकी तीच आहे, की आपण विसरू. ज्याच्यासाठी सगळ्यांशी भांडलो ते प्रेम जर दुसऱ्या कोणावर बसू शकतं तर मग ते पहिलं खरं होतं का? हा प्रश्न ती कधी मोठ्याने विचारत नाही, पण ती दरवेळी मागे सरते ती इथेच.

त्यात ती स्वभावाने मत्सरी आहे, हेही ताकाहाशी लपवत नाहीत. गोदाई त्याची मैत्रीण कोझुए हिच्याबरोबर दिसला की ही फणकाऱ्याने झाडू मारते, बोलणं बंद, आणि स्वतःला सांगते की मला काय त्याचं. नायिका म्हणजे समजूतदार देवी असं नाही, तर तिचा राग, हट्ट, खोटेपणा सगळं समोर आहे, आणि तरी ती आवडते. मला वाटतं रोमँटिक कॉमेडीत अशी बाई तेव्हाही कमी होती आणि आत्ताही कमीच आहे.

मिताका चांगला होता की. श्रीमंत, देखणा, टेनिस कोच. गोदाईच का?

मिताका खरंच चांगला आहे आणि ते मुद्दाम आहे. हसला की दात चमकतात, कुत्र्यांची मरणाची भीती, आणि क्योकोकडे कुत्रं, म्हणून बिचारा भीती घालवायला स्वतः एक पोमेरेनियन पाळतो आणि टेनिसपटूवरून नाव ठेवतो मॅकेन्रो. इतकं करणारा माणूस वाईट कसा म्हणायचा. पण तो क्योकोला भूतकाळातून बाहेर काढू बघतो, आणि गोदाई तिच्या भूतकाळासकट तिच्याकडे येतो.

आणि गोदाई वाढतो हो. सुरुवातीला तो दारू पिऊन रस्त्यावर "क्योको-सान, माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं बोंबलतो, तिला उचलून खोलीत नेतो, सगळे शेजारी तमाशा बघायला गोळा होतात आणि हा तिथेच घोरायला लागतो. पुढे कॉलेज संपतं, ज्या कंपनीत नोकरी लागली ती रुजू व्हायच्या आधीच बुडते, मग एका कॅबरेमध्ये काम करतो, तिथे काम करणाऱ्या बायकांची लहान मुलं सांभाळतो. क्योकोपासून ते लपवतो, लाज वाटते म्हणून. आणि तिथेच त्याला कळतं की आपल्याला मुलांबरोबर काम करायचंय, मग त्यासाठीची परीक्षा देतो. १९८० च्या दशकातल्या जपानमध्ये, जेव्हा पुरुषाने मोठ्या कंपनीत जन्मभर चिकटायचं हाच मार्ग होता, तेव्हा नायकाला बालवाडीचा मास्तर होऊ द्यायचं ठरवणं ही साधी गोष्ट नव्हती.

मोबाइल असता तर गोष्ट दहा पानांत संपली असती ना?

निम्मे गैरसमज नक्कीच मिटले असते. घरात सगळ्यांना मिळून एकच फोन, म्हणजे कोणाचा फोन आला हे सगळ्यांना माहीत, चाळीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ऐकायला एकसारख्या वाटणाऱ्या नावांची दोन कॉफीशॉप, गोदाई एका ठिकाणी आणि क्योको दुसऱ्या ठिकाणी तासन् तास वाट बघत बसलीय, हा प्रसंग आज घडूच शकत नाही. पण दोघंही उठून जात नाहीत, हे बघा. कळवायची सोय नसताना थांबून राहणं यालाच तिथे काहीतरी किंमत आहे.

आज बघताना काही खटकेल का?

हो, खटकेल. भिंतीला भोक पाडून डोकावणारा योत्सुया, पारदर्शक नाइटीत फिरणारी सहा नंबरच्या खोलीतली आकेमी रोप्पोंगी, गोदाईची स्वप्नरंजनं, विद्यार्थिनीने ट्रेनी शिक्षकाच्या मागे लागणं. काही विनोद त्या काळाचे आहेत आणि आज हसू येत नाही. प्रत्येक दुसऱ्या पानावर दारू आहे. लहान मुलांना दाखवायची मालिका नाही, पंधरा-सोळाच्या पुढे हरकत नाही.

ती जागा खरी आहे का?

घर खरं नाही. तोकेइझाका स्टेशन मात्र सेइबू इकेबुकुरो लाइनवरच्या हिगाशी-कुरुमे स्टेशनवर बेतलंय असं मानतात, आणि चाहते तिथे जाऊन फोटो काढतात.

शेवट कसा आहे? (इथे पूर्ण स्पॉयलर आहे, वाचली नसेल तर इथेच थांबा)

लग्न होतं. पण लोकांच्या लक्षात राहतात त्या दोन गोष्टी लग्नाआधीच्या. एक, क्योको हो म्हणताना त्याच्याकडून एक वचन मागते, की माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जगा, मला परत एकटीला राहवणार नाही. आयुष्यभर सुखात ठेवा वगैरे काही नाही. एक दिवस. जिला सहा महिन्यांत नवरा जाताना बघावं लागलं तीच हे मागू शकते.

दुसरी, कब्रस्तानातली. गोदाई एकटाच सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो आणि त्याच्याशी बोलतो. ती तुम्हाला कधीच विसरणार नाही, म्हणतो, मी तिला भेटलो त्या पहिल्या दिवसापासून तुम्ही तिच्यात होतात, म्हणून मी तुमच्यासकट तिला माझ्या घरी नेतो. क्योको थोड्या अंतरावर उभी असते आणि तिने सगळं ऐकलेलं असतं. सहा वर्षं ज्या माणसाचा चेहरा न बघता त्याच्यावर जळत राहिला त्याला गोदाई हरवत नाही, घरात घेतो. मी हे पान उघडलं की अजूनही पुढचं पान उलटायला वेळ लावते.

आणि मग अगदी शेवटी वसंतात जन्मलेली त्यांची मुलगी, हारुका. क्योको तिला कडेवर घेऊन इक्कोकू-कानच्या दारात येते, शेजारी सगळे तसेच, कुत्रं तसंच, आणि बाळाला सांगते की ही ती जागा, जिथे तुझे आईबाबा पहिल्यांदा भेटले.